सात गडी, पाचशे चौरस मीटर

केनियाच्या रग्बी सेव्हन्स संघाचा सामना पाहायला मी बसलो तो केवळ सात या आकड्यामुळे. अमळनेरच्या मातीवर दहा-बारा वर्षे कबड्डी खेळलेल्या माणसाला सात जणांचा संघ ओळखीचा वाटणारच. परंतु ती ओळख तेवढ्यावरच संपली. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे, तर सेव्हन्स खेळतात पंधरा जणांच्या रग्बीच्याच, सुमारे १०० बाय ७० मीटरच्या मैदानावर. म्हणजे आमच्याकडे एका गड्याच्या वाट्याला नऊ चौरस मीटर जागा येते आणि तेथे पाचशे. कबड्डीत तीनच गडी उरले की मैदान एकाएकी मोठे भासू लागते आणि कोपरा सांभाळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. सेव्हन्समध्ये ही अवस्था पहिल्या मिनिटापासूनच असते. एक पकड हुकली की मागे सावरायला बहुधा कोणी नसते.

केनियाच्या संघाला ‘शुजा’ म्हणतात. मूळचा अरबी आणि स्वाहिलीत रुळलेला हा शब्द ‘शूर’ या अर्थाचा आहे. (आपल्या बुऱ्हाणपुरात मुक्काम केलेल्या शाहजहानच्या एका मुलाच्या नावातही तोच आहे.)

१७ एप्रिल २०१६ रोजी सिंगापूरच्या अंतिम सामन्यात या संघाने फिजीला ३०-७ असे हरवून जागतिक सेव्हन्स मालिकेतील, म्हणजे देशोदेशी भरणाऱ्या स्पर्धांच्या साखळीतील, आपले पहिले विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक होते बेंजामिन आयिंबा आणि कर्णधार अँड्र्यू अमोंडे. पुढे चारच महिन्यांनी रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच फिजीने सुवर्णपदक जिंकले आणि केनिया अकराव्या स्थानावर राहिला. अनेकांनी याला सातत्याचा अभाव म्हटले असेल, पण मला त्यात या खेळाचा स्वभाव दिसतो. सात-सात मिनिटांचे दोनच डाव असतात, आणि पंधरा जणांच्या रग्बीच्या उलट, येथे गुण मिळवणाऱ्या संघालाच पुन्हा चेंडू मारून खेळ सुरू करावा लागतो. त्यामुळे आघाडी घेतली तरी पुढचा चेंडू बहुधा प्रतिस्पर्ध्याकडे जातो. तो हवेतच झेपावून परत मिळवणे ज्याला साधते, त्याचाच दिवस.

‘केनियाचे लोक जन्मजात धावपटू’ हे ऐकले की मला राग येतो. मॅरेथॉनची एकसुरी धाव वेगळी आणि पडून, उठून, पकड करून पुन्हा सुसाट सुटणे वेगळे. शुजाच्या कॉलिन्स इंजेराने २०१६ मध्ये जागतिक मालिकेतील सर्वाधिक ट्रायचा (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवणे) विक्रम आपल्या नावावर केला, तो नुसत्या पायांच्या जोरावर केला असे म्हणणे म्हणजे त्याच्या मेहनतीवर पाणी ओतणे आहे.

आयिंबा २०२१ मध्ये मेंदूच्या मलेरियाने गेले. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना या तापाची भीती वेगळी सांगावी लागत नाही. दोनच वर्षांनी, मे २०२३ मध्ये, लंडनमध्ये कॅनडाकडून १२-७ असा पराभव झाला आणि दीर्घकाळ मालिकेत राहिलेला हा संघ तिच्यातून बाहेर पडला. फरक पाच गुणांचा, म्हणजे नेमक्या एका ट्रायचा. २०२४ मध्ये माद्रिदला जर्मनीला ३३-१५ असे हरवून शुजा मालिकेत परत आले. तो सामना पाहताना मी ट्राय मोजल्याच नाहीत. प्रत्येक ट्रायनंतर हवेत गेलेला चेंडू कोणाच्या हाती पडतो, एवढेच पाहत होतो.