उलुरूची प्रदक्षिणा

उलुरू हा ऑस्ट्रेलियाच्या मधोमध उभा असलेला प्रचंड खडक; त्याच्याभोवतीची पायवाट १०.६ किलोमीटरची. वारीत एवढी चाल दुपारच्या विसाव्याआधीच उरकते. त्यामुळे ॲडलेडच्या आमच्या सर्वधर्मीय मंडळाने हा बेत काढला, तेव्हा चालण्याची धास्ती नव्हती. धास्ती होती माशांची. मध्य ऑस्ट्रेलियातल्या या माशा डोळ्यांत, नाकात आणि बोलायला जावं तर तोंडातही शिरतात. एक कॅथलिक सिस्टर, एक शीख काका, एक मुस्लिम जोडपं आणि मी, डोक्यावरून जाळ्या ओढल्यावर सगळे एकाच संप्रदायाचे दिसत होतो.

सकाळी मालाच्या वाहनतळावरून निघायचं आणि खडक उजव्या हाताला ठेवून चालायचं, अशी तिथली सूचना. प्रदक्षिणाच की! पुंडलिकवरदाचा गजर ओठांवर आला होता, पण आपापली प्रार्थना मोठ्याने म्हणायची नाही हे आधीच ठरलेलं. ‘दुसऱ्याच्या देवघरात आपला देव मांडू नये,’ असं काकांचं म्हणणं पडलं.

पहिला टप्पा रेंजरसोबत. माला हे तिथल्या वॉलबीचं, कांगारूच्या छोट्या भावंडाचं नाव. अनांगू या इथल्या मूळ आदिवासी लोकांच्या कथेत माला पूर्वज इथे आले, त्यांनी विधीचा खांब रोवला आणि विधी सुरू केला. तेवढ्यात पश्चिमेकडच्या लोकांचं आमंत्रण आलं. सुरू झालेला विधी मोडता येत नाही, म्हणून मालांनी नकार दिला; अपमानलेल्यांनी मग त्यांच्यावर कुर्पान्य नावाचा राक्षसी कुत्रा सोडला. रेंजर हे सांगताना समोरच्या गुहा दाखवत होता. ही बायकांची, स्वयंपाकाची. ही मुलग्यांची, पाणी कुठे, शिकार कुठे, हे आजोबा नातवांना इथे भिंतीवर चित्रं काढून शिकवत. कथा, कायदा, भूगोल, नातीगोती, सगळं मिळून चुकुर्पा. त्याची पोथी म्हणजे हा खडक.

पुढे काही ठिकाणी फलक लागतात: इथे फोटो काढू नका. खडकावरचे इथले बारकावे आम्हाला धर्मग्रंथासारखे आहेत, ते मूळ जागीच आणि ठरावीक माणसांनीच पाहायचे, असं त्यावर लिहिलेलं. काही जागा फक्त स्त्रियांच्या, काही फक्त पुरुषांच्या.

खरं सांगतो, मला हे टोचलं. १९४७ साली विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, हे ऐकत आम्ही वाढलो. ‘तुमच्यासाठी नाही’ हे शब्द आमच्या कानांना खुपणारच. तासभर तोच विचार घोळत राहिला. मग लक्षात आलं, पंढरपुरात दार लावलं होतं ते ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी. इथे ज्यांची जमीनच गेली, ते उरलेल्यातलं थोडं आमच्यापाशी राहू द्या म्हणताहेत. ही जमीन कागदोपत्री अनांगूंना परत मिळाली १९८५ मध्ये, तीही ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने लगेच सरकारच्या उद्यान खात्याला देण्याच्या अटीवर. वर चढू नका, ही त्यांची विनंती कितीतरी वर्षं फलकावरच राहिली. चढाई बंद झाली २६ ऑक्टोबर २०१९ ला. बुटांनी घासलेला फिकट पट्टा खडकावर अजून दिसतो. ३४८ मीटर उंचीचा मोह म्हणायचा, दुसरं काय!

मुतित्जुलूच्या पाणवठ्याशी मात्र सगळे नुसते बसलो. सिस्टरने मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन यांच्याबद्दल सांगितलं. डेली नदीकाठच्या या आदिवासी ज्येष्ठ बाई कॅथलिकही आहेत. ‘दादिरी’ म्हणजे शांत राहून खोलवर ऐकणं, हे त्यांनी चर्चला शिकवलं. मला काही ते साधलं नाही. टाळाशिवाय माझं मन ठरत नाही, आणि त्यात कमीपणा आहे असंही वाटत नाही.

पारा ३६ अंशांवर जाणार असला की अकरानंतर वाट बंद करतात, म्हणून शेवटचा टप्पा भराभर काढला. सांस्कृतिक केंद्रात कळलं, लोक आठवण म्हणून नेलेले दगड माफीच्या चिठ्ठ्यांसह टपालाने परत पाठवतात. मुस्लिम जोडप्याने गाडीत बसण्याआधी बुटांतली लाल वाळूसुद्धा झटकली.

ॲलिस स्प्रिंग्जपर्यंतचा रस्ता साडेचारशे किलोमीटरचा. सिस्टरने विचारलं, हे साने गुरुजी कोण? सांगता सांगता चोखोबांपर्यंत मागे जावं लागलं, तिथून नामदेवांवर आलो. पण गुरू ग्रंथसाहिबात पदं असलेले नामदेव काकांनी माझ्या हातून काढूनच घेतले, आणि पंजाबातल्या घुमानपासून जी कथा लावली ती पेट्रोल पंप येईपर्यंत थांबली नाही.