जर्नलमधली कोरी जागा

गुरुवार, १२ मार्च. रात्री साडेनऊ.

येत्या मंगळवारी जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, जमा करायचे आहे. प्रथम वर्षाच्या पायाभूत जीवशास्त्राचे हे माझे पहिलेच जर्नल, आणि आज संध्याकाळपासून मी ते पहिल्या पानापासून वाचत बसले आहे. अनुक्रमणिकेतले प्रयोग क्रमांक, तारखा आणि पृष्ठे जुळतात की नाही, प्रत्येक प्रयोगाखाली मॅडमची सही आहे की नाही, आकृत्यांखाली नाव आणि विशालन (भिंगाने किती पट मोठे दिसते ते) लिहिले आहे की नाही, हे तपासण्याचे काम खरे तर तासाभरात व्हायला हवे होते. शेजारी रफ वही उघडी ठेवून एकेक प्रयोग ताडून पाहू लागले आणि तीन तास कसे गेले ते कळले नाही.

आमच्याकडे जर्नल दोन टप्प्यांत तयार होते. प्रयोगशाळेत रफ वहीत टिपून घ्यायचे आणि घरी जर्नलात सुवाच्य अक्षरात उतरवायचे. उजव्या, रेघी पानावर उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष. डाव्या, कोऱ्या पानावर एचबी पेन्सिलीने आकृती. बहुतेकांची रफ वही म्हणजे चार-पाच आकडे आणि मागच्या पानावर काहीतरी हिशेब एवढीच असते, आणि जर्नल मात्र आदल्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलवरून उतरवलेले असते. जुलैमध्ये मीही तेच केले. त्यामुळे आज मला जुलैची पाने वाचून काहीही समजत नाही.

उदाहरणार्थ, बटाट्याच्या ऑस्मोस्कोपचा प्रयोग. बटाटा सोलून, त्याचा तळ सपाट कापून, मधे खळगा करायचा, त्यात साखरेचे द्रावण भरायचे, टाचणी टोचून पातळीची खूण करायची आणि बटाटा पाण्याच्या बशीत ठेवायचा. तासाभरात खळग्यातली पातळी वर चढायला हवी. आमची चढली नाही. जर्नलात मात्र माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेले आहे की पातळी वाढली, सबब परासरण, म्हणजे पाणी पेशींच्या पडद्यातून दाट द्रावणाकडे जाणे, सिद्ध झाले. रफ वहीत त्या दिवशीचे एकच वाक्य आहे: "पातळी तेवढीच." साखरेचे द्रावण किती टक्क्यांचे होते, साल तळापर्यंत पूर्ण काढली होती का, किती वेळ थांबलो होतो, यांतले एकही नाही. कारण शोधायला आज कितीही मनापासून बसले तरी हाती काही लागणार नाही, कारण त्या दिवशी काय केले याचा कुठेच पुरावा नाही.

याच्या उलट २० जानेवारीचे पान. त्या दिवशी लाळेतील अमायलेजचा, म्हणजे स्टार्चचे विघटन करणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा), प्रयोग होता. स्टार्चच्या द्रावणात पातळ केलेली लाळ घालायची, परीक्षानळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवायची आणि दर मिनिटाला एक थेंब काढून चिनीमातीच्या पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनच्या थेंबात मिसळायचा. स्टार्च शिल्लक असेपर्यंत थेंब निळा-काळा होतो. विकराने स्टार्चचे विघटन पूर्ण केले की थेंबाला आयोडीनचाच पिवळसर रंग राहतो. आमच्या आजूबाजूच्या टेबलांवर पाचव्या मिनिटाला रंग जाऊ लागला. आमच्या टाइलवर दहावा थेंब निळा, बारावा निळा, पंधरावा जांभळट, आणि शेवटी एकोणिसाव्या मिनिटाला पिवळा. माझ्या गटातली मैत्रीण म्हणाली, "अगं, पाच लिही, सगळ्यांचे पाचच आले आहे." मी मॅडमकडे गेले. त्यांनी टाइल पाहिली, ओळीने मांडलेले एकोणीस थेंब मोजले आणि एवढेच म्हणाल्या, "एकोणीस लिही. आणि असे का झाले ते शोध."

दिवाळीनंतर मी रफ वही लिहिण्याची पद्धत बदलली होती, म्हणून शोधायला जागा होती. प्रत्येक गोष्ट करताक्षणी, वेळेसह, पेनाने लिहायची, असे मी ठरवले होते. त्या रात्री पान उघडले तेव्हा नोंदी अशा होत्या: अकरा वाजून दहा मिनिटांनी स्टार्च, एक टक्का, ५ मिली. अकरा वाजून बारा मिनिटांनी फॉस्फेट बफर, पीएच ६.८, २ मिली. चंचुपात्र शुद्ध पाण्याने दोनदा विसळले. लाळ १ मिली, शुद्ध पाणी २० मिली, ढवळले. अकरा वाजून वीस मिनिटांनी पातळ केलेली लाळ १ मिली नळीत घातली, घड्याळ सुरू केले. कृतीच्या छापील कागदाशी हे ताडून पाहिले तर एक ओळ कमी होती: मिठाचे एक टक्का द्रावण, १ मिली.

ते घालायचे राहिले होते की फक्त लिहायचे राहिले होते? जुलैच्या वहीवरून या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळाले नसते, कारण त्या वहीत जवळजवळ काहीच लिहिलेले नाही आणि म्हणून तिच्यात एखादी गोष्ट नसण्याला अर्थ नाही. २० जानेवारीच्या पानावर मात्र चंचुपात्र विसळल्याचीसुद्धा नोंद आहे. जिने विसळणे लिहिले, ती मीठ घातले असते तर तेही लिहिणारच. पान भरलेले होते म्हणून त्यातली कोरी जागा बोलली. हे लक्षात आले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, आणि इतका आनंद मला कोणत्याही परीक्षेतल्या गुणांनी दिलेला नाही.

पुढच्या मंगळवारी मॅडमनी तासाच्या शेवटी आम्हाला दोन नळ्या लावू दिल्या, एक मिठाच्या द्रावणासह आणि एक त्याविना. पहिलीत पाचव्या मिनिटाला रंग गेला, दुसरीत अठराव्या. लाळेतल्या अमायलेजला पूर्ण क्षमतेने काम करायला क्लोराइड आयन लागतात, आणि मिठातून ते मिळतात. लाळेत ते मुळात थोडे असतातच, पण आम्ही लाळ वीसपट शुद्ध पाण्यात पातळ केली होती आणि ते जवळजवळ संपवले होते. म्हणून विकर थांबले नाही, पण रेंगाळले. हा मुद्दा पुस्तकात एका वाक्यात आहे आणि मी तो आधी दोनदा वाचलेला होता. समजला तो त्या एकोणीस थेंबांमुळे.

जर्नलात मी दोन्ही दिवस लिहिले आहेत, आधी एकोणीस मिनिटे आणि मग त्याचे कारण. बाह्य परीक्षकांना ते आवडेल की नाही, मला सांगता येत नाही. पण पान फाडलेले नाही.

फाडण्यावरून आणि खोडण्यावरून आणखी एक गोष्ट लिहायला हवी. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा, हा नियम मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितला होता. आम्ही सर्वांनी तो ऐकला आणि सर्वांनी पांढरी शाई विकत घेतली. स्वच्छ पानाची सवय शाळेपासून लागलेली असते, आणि ती मोडताना खरोखर त्रास होतो. फेब्रुवारीत मात्र मला या नियमाचे मोल कळले.

त्या महिन्यात कांद्याच्या मुळांमधील सूत्री विभाजनाचा, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याचा, प्रयोग होता. फेब्रुवारी म्हणजे आमच्या अलिबाग तालुक्यात पांढरा कांदा निघायला लागण्याचे दिवस. आजीने दोन सुके कांदे दिले, आणि मी ते पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर ठेवले. चौथ्या दिवशी बोटाच्या पेराएवढी मुळे फुटली. सकाळी साडेआठला टोके कापली, एक भाग ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल अशा मिश्रणात चोवीस तास ठेवली, आणि तासाच्या दिवशी वॉच ग्लासमध्ये ॲसिटोकार्मिन हा लाल रंग व थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळू न देता तापवली. मग एक टोक काचपट्टीवर, त्यावर कव्हरस्लिप, सुईच्या मागच्या टोकाने हलके ठोके आणि टिपकागदातून अंगठ्याचा सरळ दाब. अंगठा जरा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात. माझ्या पहिल्या दोन काचपट्ट्या अशाच गेल्या, आणि तेही वहीत आहे.

तिसऱ्या काचपट्टीत पेशी एका थरात पसरल्या. पंचेचाळीसच्या भिंगाखाली मी पाहिले आणि लगेच डाव्या पानावर विभाजनाच्या मध्यावस्थेची आकृती काढली: गोल पेशी, मधोमध ओळीत उभी चार सुबक गुणसूत्रे, दोन्ही बाजूंनी गुणसूत्रांना ओढणारे तर्कूचे धागे. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "हे तुला दिसले का?" त्यांनी विचारले. मी पुन्हा भिंगात पाहिले. पेशी गोल नव्हती, चौकोनी होती. गुणसूत्रे चार नव्हती. कांद्यात ती सोळा असतात, आणि मला तर ती मोजताही येत नव्हती, मधोमध गडद लालसर असा एक आडवा पुंजका दिसत होता आणि त्याच्या कडेने दोन-तीन टोके बाहेर आलेली होती. धागे मुळीच दिसत नव्हते. मी पुस्तकातली आकृती काढली होती, आणि तीसुद्धा भिंगाला डोळा लावून.

ती आकृती मी खोडरबराने पुसली नाही. तिच्यावर एक तिरकी रेघ मारली, "पाहून काढलेली नाही" असे लिहिले आणि खाली पुंजक्याची आकृती काढली. ती देखणी नाही. पण जर्नलातल्या सगळ्या आकृत्यांमध्ये मला आज तीच सर्वांत जवळची वाटते.

त्याच काचपट्टीवर मी २१४ पेशी मोजल्या. विभाजन चालू असलेल्या १९ निघाल्या: पूर्वावस्थेत ११, मध्यावस्थेत ३, पश्चावस्थेत २ आणि अंत्यावस्थेत ३. म्हणजे विभाजन निर्देशांक ८.९ टक्के. आमच्या वर्गात फिरणाऱ्या एका जुन्या जर्नलात चारही अवस्थांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत, आणि ते कुणाला खटकलेले नाहीत. खरे तर ज्या अवस्थेला जास्त वेळ लागतो, त्या अवस्थेतल्या पेशी कोणत्याही क्षणी जास्त सापडणार. पूर्वावस्था लांबते म्हणून तिचे ११ आणि पश्चावस्था झटकन उरकते म्हणून तिचे २. म्हणजे त्या विषम आकड्यांमध्येच पेशीचे घड्याळ आहे. आकडे सारखे करून लिहिले की तेच पुसले जाते.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या, मठात राहणाऱ्या मेंडेलचा विचार आज बराच वेळ मनात होता. वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत त्याने ७,३२४ बिया मोजल्या, त्यांतल्या ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या निघाल्या, आणि गुणोत्तर त्याने २.९६ : १ असेच दिले. तीन हा आकडा त्याला त्यामागे दिसत होता, पण त्यासाठी त्याने मोजलेल्या बिया बदलल्या नाहीत. १८८४ साली तो वारल्यावर त्याची बरीचशी कागदपत्रे मठात जाळली गेली. १८६६ चा निबंध आपल्याकडे आहे. ज्या वह्यांमध्ये ओळीओळीने बिया मोजल्या गेल्या असतील, त्या नाहीत. याचे मला फार वाईट वाटते.

आणि आमच्या जवळचे उदाहरण म्हणजे आमच्याच तालुक्यातले किहीम. १९३० साली पक्षीतज्ज्ञ सलीम अली तिथे राहत असताना त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले. घरटे नर विणतो; अर्धवट विणलेल्या घरट्यांची पाहणी करून मादी त्यांतले एक पसंत करते; ती अंडी घालून स्थिरावली की तोच नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हे त्यांनी दाखवून दिले. एखाद्या दुपारी झाडाखाली जाऊन हे दिसत नाही. कोणत्या घरट्यावर कोणत्या दिवशी कोण होते, आणि कोणत्या दिवशी कुणीच नव्हते, हे रोज टिपले तरच एकामागून एक येणाऱ्या माद्या आणि मधला रिकामा काळ यांचा क्रम लागतो. किहीमला मी लहानपणापासून जाते. या महिन्यात परीक्षा संपली की पुन्हा जाईन.

आता राहिले आहे ते प्रयोग क्रमांक नऊचे पान. परागकणांचे अंकुरण. त्या मंगळवारी मी तापाने घरी होते. मैत्रिणीने तिची रीडिंग देऊ केली, मनापासूनच दिली. पण अनुक्रमणिकेत माझ्या नावासमोर ती तारीख लिहायला हात उचलेना. आज दुपारी मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "उद्या नऊला ये, साखरेचे दहा टक्क्यांचे द्रावण आणि बोरिक आम्ल प्रयोगशाळेतले मामा काढून ठेवतील. फुले मात्र तू आण, ताजी."

सदाफुली अंगणात आहे. फूल सकाळी नुकते उमललेले असताना तोडायचे, म्हणजे परागकण जिवंत मिळतात आणि परागनलिका फुटताना दिसण्याची शक्यता वाढते. आजीला सांगून ठेवले आहे की उद्या पूजेसाठी कुंपणाजवळच्या झाडाला हात लावू नये.

रफ वहीत नवे पान काढले आहे. त्यावर एवढेच लिहिले आहे: शुक्रवार, १३ मार्च. फूल: सदाफुली, गुलाबी, कुंपणालगतच्या झाडाचे. तोडल्याची वेळ: त्यापुढची जागा कोरी आहे.