फ्रेंच चांदीची मूर्ती: चेहऱ्याआधी तळ बघा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेकदा असा असतो: "जुन्या फ्रेंच चांदीची छोटी मूर्ती मिळते आहे, खाली ठसाही आहे. घेऊ का?" सोबत चेहऱ्याचे, हातांचे, वस्त्राच्या चुण्यांचे फोटो असतात आणि तळाचा एकही नसतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी तळाचा फोटो मागवा, तोही ठसा वाचता येईल इतका जवळून. फ्रेंच चांदीत कारागिरी मूर्तीच्या अंगावर दिसते, पण तिची जन्मपत्रिका तळाशी असते.

दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग घ्या. ठसे बैठकीच्या कडेला, वस्त्राच्या काठावर किंवा पायाखालच्या पट्टीवर असतात आणि ते अगदी बारीक असतात. शिरस्त्राण घातलेल्या मिनर्वा देवीचं डोकं दिसलं, तर ती १८३८ पासूनची सरकारी हमी. कपाळासमोर १ असेल तर चांदी हजारात ९५० भाग, हनुवटीपाशी २ असेल तर ८००. लहान, हलक्या वस्तूंवर मिनर्वाऐवजी पॅरिसमध्ये रानडुकराचं डोकं आणि इतर प्रांतांत खेकडा मारत. निर्यातीच्या मालावर मर्क्युरी या रोमन देवाचं डोकं येई.

इथे बरेच जण घाई करतात. मिनर्वा दिसली की मूर्ती १८४० ची, असं धरून चालतात. हाच ठसा किरकोळ फरकांनी १९७३ पर्यंत चालला, म्हणून एकट्या मिनर्वावरून वय सांगता येत नाही. वय ठरतं ते कारागिराच्या खुणेवरून. फ्रान्समध्ये १७९७ च्या कायद्यापासून ही खूण समभुज चौकटीत, म्हणजे पत्त्यातल्या चौकटच्या आकारात असते. आत नावाची आद्याक्षरं आणि एक चिन्ह: ओदिओंच्या घराण्याची दिव्याची खूण, प्युइफोर्काची चाकूची. अक्षरं आणि चिन्ह दोन्ही जुळली, तरच ती कार्यशाळा कोणत्या वर्षांत चालली हे नोंदींतून शोधता येतं. नुसती अक्षरं जुळवून समाधान मानू नका. तीच आद्याक्षरं अनेकांची असतात.

खूण चौरसात असेल, तर वस्तू मुलाम्याची आहे. यात फसवणूक नाही, चौरस हीच कायद्याने ठरवलेली कबुली आहे. क्रिस्तोफ्ल या पॅरिसच्या कंपनीने १८४२ मध्ये विजेच्या मुलाम्याची पेटंटं घेतली आणि त्यानंतर या मालाचा पूर आला. तिसऱ्या नेपोलियननेही मेजवानीच्या टेबलावरचा आपला मोठा मूर्तिसमूह क्रिस्तोफ्लकडून मुलाम्यातच करून घेतला. १८७१ मध्ये त्वीलरी राजवाडा जळाला, त्यातून वाचलेले त्याचे भाग आज पॅरिसच्या सजावट कलांच्या संग्रहालयात आहेत. तेव्हा मुलाम्याची मूर्ती हलक्या दर्जाची समजू नका, तिची किंमत कलेची असते. फक्त तिला चांदीचा भाव देऊ नका.

हंस किंवा सोंडकिडा दिसला, तर मात्र थांबायला हवं. १८९३ पासून सोंडकिडा मारला जाई तो फ्रान्सशी जकातीचा करार असलेल्या देशांतून तिथे आलेल्या चांदीवर. हंस मारला जाई करार नसलेल्या देशांच्या मालावर, आणि मूळ ठाऊक नसलेल्या, लिलावात निघालेल्या वस्तूंवर. ठसा फ्रेंच आहे, पण वस्तू फ्रेंच असल्याची ग्वाही तो देत नाही. जर्मनीतल्या हानाऊ शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढेही जुन्या शैलीच्या मूर्ती मोठ्या प्रमाणावर घडत, आणि त्यांवर अठराव्या शतकातल्या फ्रेंच ठशांची आठवण होईल अशा कल्पित खुणा असत. मुकुट, फुलं, अक्षरं यांची दाटी, आणि शेजारी हंस किंवा सोंडकिडा, असं दिसलं तर हानाऊची शक्यता आधी तपासा. कामाचा दर्जा कित्येकदा उत्तम असतो. किंमत मात्र हानाऊची द्यावी.

१७८९ पूर्वीची खरी फ्रेंच मूर्ती विरळाच. चौदाव्या लुईने युद्धखर्चासाठी १६८९ आणि १७०९ मध्ये चांदी वितळवायला लावली, व्हर्सायमधलं चांदीचं फर्निचरही त्यात गेलं; उरलेल्यापैकी पुष्कळ क्रांतीच्या काळात टांकसाळीत गेलं. म्हणून पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहाची किंवा इतर कुणाची यादी वाचताना एका शब्दावर बोट ठेवा. 'एपोक' लुई सोळावा म्हणजे वस्तू त्या काळातली, 'स्टील' लुई सोळावा म्हणजे नुसती त्या धाटणीची, बहुधा शंभर वर्षांनंतरची. 'मेताल आर्जांते' आणि 'ब्राँझ आर्जांते' म्हणजे मुलामा.

आता ठसाच खोटा असेल तर? पंच या हत्याराने ठोकून मारलेल्या ठशाच्या कडा धारदार असतात आणि धातू बाजूला सरकलेला दिसतो. मूळ मूर्तीवरून साचा घेऊन नक्कल ओतली, की ठसाही ओतला जातो. मग तो बुजलेला, सूक्ष्म भोकांचा दिसतो. दुसरा प्रकार जास्त धूर्त: मोडक्या चमच्याचा ठसा असलेला तुकडा कापून बैठकीत झाळतात. तिथे तोंडाने वाफ सोडा. वाफ विरताना झाळाची रेघ क्षणभर वेगळी उमटते.

मूर्ती मुळात मूर्ती म्हणूनच घडली होती का, हेही बघा. कित्येक 'मूर्ती' या लाखेच्या शिक्क्याची मूठ, सूपपात्राच्या झाकणाची गुंडी किंवा हातातल्या काठीचा माथा असतात. तळाला आटे पाडलेलं भोक, नंतर भरलेली खोबण किंवा वेगळ्या रंगाची बैठक ही त्याची लक्षणं. बैठकीखाली फुलीच्या खाचेचा स्क्रू असेल, तर निदान तो भाग विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाआधीचा नाही.

घरी करण्याजोगी खात्रीची परीक्षा घनतेची. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. मूर्ती कोरडी असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि मूर्ती दोऱ्याने पाण्यात अशी लोंबकळती धरा, की ती पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काटा जो आकडा दाखवेल तो तिने सारलेल्या पाण्याचा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. २६० ग्रॅमची मूर्ती २५ दाखवत असेल तर घनता १०.४, म्हणजे ९५० ची चांदी जुळते. ८०० ची चांदी १०.१ च्या आसपास येते. तीच मूर्ती ३० दाखवत असेल तर ८.७, म्हणजे आत ब्राँझ किंवा पितळ. ७ च्या जवळपास आलं तर जस्ताचं मिश्रण. बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. बैठकीत प्लास्टर किंवा डांबर भरलेलं असेल, आत बंद पोकळी असेल, तर ही परीक्षा निरुपयोगी आहे. हस्तिदंत, लाकूड, मिनाकाम असलेली मूर्ती पाण्यात घालूच नका.

सराफाकडच्या, क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्रावर भरवसा ठेवताना जपून. ते वरचा पातळ थरच वाचतं, त्यामुळे जाड मुलामाही शुद्ध चांदी दाखवतो. नाक, गुडघा, बोटं अशा झिजलेल्या जागी वाचन घ्यायला सांगा. तिथे तांबूस किंवा पिवळा रंग दिसला तर यंत्राचीही गरज नाही. कसोटीवर घासायला किंवा कानस मारायला देऊ नका.

घेतल्यावर सगळ्यात जास्त नुकसान होतं ते उजाळ्याने. आपल्याकडे चांदीला रांगोळी, टूथपेस्ट, चिंच लावतात. रांगोळीचे कण चरे पाडतात आणि आम्लामुळे खाचांतली काळी छटा जाते. ती छटा कारागिराने मुद्दाम राखलेली असते, तिच्याशिवाय चेहरा सपाट दिसतो. बुडवून चकाकी आणणारे द्रव आणि अॅल्युमिनियम फॉइल-सोड्याचा उपायही याच कारणासाठी टाळा. शिवाय पोकळ मूर्तीत शिरलेला द्रव नंतर आतून डाग पाडतो. मऊ सुती कापडावर अगदी बारीक चॉकची पूड आणि शुद्ध पाणी, तेही फक्त उंचवट्यांवर आणि क्वचितच. मूर्ती नायट्राइल हातमोज्यांनीच हाताळा.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने, आणि दमट हवेत लवकर. म्हणून मुंबईत आणि कोकणात कपाटात लोकर, फेल्ट, रबर अजिबात नको. न रंगवलेल्या सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात गुंडाळा, मग बंद पिशवीत सिलिका जेल आणि सक्रिय कोळशाची पुडी ठेवा.

तुटलेलं बोट पेढीवर झाळायला देण्याआधी जुना करडा, मऊ झाळ आहे का ते बघा. तो शिसं-कथलाचा असतो. त्यावर ज्योत लागली की शिसं चांदी खातं आणि खड्डे पडतात. असं काम लेझर जोडणी करणाऱ्याकडेच द्या.

शेवटी कायदा. हस्तिदंत जडवलेली मूर्ती परदेशातून भारतात आणण्याचा विचार सोडून द्या. आणि शंभर वर्षं ओलांडलेली मूर्ती एकदा इथे आली, की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती पुन्हा देशाबाहेर विकायला नेणं खासगी माणसाला शक्य नसतं. पुढेमागे पॅरिसच्या लिलावात विकायचा बेत असेल, तर मूर्ती युरोपातच ठेवलेली बरी.