६ इंची आरसा आणि शिफ्टची नोकरी: ग्राइंडिंग संपलं, पॉलिश सुरू

मंडळी, घरी दुर्बिणीचा आरसा करतोय, त्याचं ग्राइंडिंग, म्हणजे काच घासून खोलगट करणं, संपलं! कार्बोरंडम (घासायची पावडर, नंबर जितका मोठा तितकी बारीक) ८० पासून सुरू करून ६०० पर्यंत आलो, मग १२ आणि ५ मायक्रॉनचं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, आणि गेल्या रविवारी पिच लॅप (पॉलिशसाठी टूलवर डांबरासारख्या पिचचा थर) ओतून सिरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पावडरवर पहिला हात फिरवला. नव्याने वाचणाऱ्यांसाठी परत सांगतो, आरसा ६ इंची (साधारण १५० मिमी) एफ/८, म्हणजे फोकल लेंथ व्यासाच्या आठपट, साधारण १२०० मिमी, काच साधी प्लेट ग्लास, १ इंच जाड. टूल, म्हणजे ज्यावर आरसा घासायचा ती तबकडी, डेंटल प्लास्टरचं, वर फरशीचे तुकडे एपॉक्सीने चिकटवलेत.

यावेळी वेळेबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण नोकरी सांभाळून हे जमतं कसं असं बरेच जण विचारतात. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्ट आठवड्याला बदलते, फर्स्ट असली की दुपारी चारला घरी, सेकंडला रात्री बारा वाजतात, आणि थर्डच्या आठवड्यात आरशाला हात लावायचाच नाही असं ठरवलंय कारण झोप अर्धवट असताना काच हातात घेणं बरोबर नाही. त्यामुळे रोजचा ठरलेला एक तास वगैरे माझ्या नशिबात नाही. मग सगळी कामं एका कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहिली, हे मधेच सोडून उठता येतं का. माझं सगळं प्लॅनिंग या एका प्रश्नावर चालतं आणि मला वाटतं नोकरीवाल्यांनी आरसा करायचा तर हाच प्रश्न आधी विचारावा.

ग्राइंडिंग हे सोडून उठता येणारं काम आहे. पावडर टाकली, पाणी शिंपडलं, आरसा वर टूल खाली, सेंटर ओव्हर सेंटर स्ट्रोक (आरशाचा मध्य टूलच्या मध्यावरून पुढे-मागे), पावडर बारीक होऊन आवाज बसला की एक वेट संपला. एका वेटला पाच-सहा मिनिटं. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोन वेट आरामात होतात, आणि पुढचा वेट चार दिवसांनी झाला तरी काचेला काही फरक पडत नाही, फक्त आरसा आणि टूल धुवून वेगवेगळे ठेवायचे, एकावर एक ठेवून उठलात आणि वाळलं तर सुटता सुटत नाहीत. माझी जागा म्हणजे ड्राय बाल्कनी, तिथे टूल ड्रमवर ठेवून भोवती फिरायला जागा नाही, म्हणून टूल एका फिरत्या पाटावर बसवलंय, काही स्ट्रोक झाले की पाट थोडा फिरवायचा आणि हातातला आरसा उलट दिशेला थोडा फिरवायचा, गोलाई व्यवस्थित येते.

आवाजाचं मात्र बघावं लागतं. ८० नंबर म्हणजे काचेवर खडे रगडणंच, बिल्डिंगमध्ये रात्री ते शक्य नाही, म्हणून ८० आणि १२० पूर्ण फर्स्ट शिफ्टच्या दुपारी केले. २२० च्या पुढे आवाज एकदम कमी होतो, ३२० नंतर तर शेजारच्या खोलीतही कळत नाही, तेव्हा सेकंड शिफ्टवरून आल्यावर जेवून दोन-तीन वेट करायचे आणि झोपायचं.

आरशाचा खोलगटपणा मोजायला स्फेरोमीटर घरीच केला, ०.०१ मिमीचा डायल गेज आणि ५० मिमी त्रिज्येवर तीन पाय. आरशाची वक्रता त्रिज्या फोकल लेंथच्या दुप्पट म्हणजे २४०० मिमी हवी, त्या हिशोबाने पूर्ण आरशाची मधली खोली १.१७ मिमी येते आणि माझ्या गेजवर ०.५२ दिसायला हवं. दिसतंय. कंपनीत दिवसभर मायक्रॉन मोजतो पण घरी स्वतः घासलेल्या काचेवर तो काटा ०.५२ ला थांबला तो आनंद वेगळाच होता, अगदी मनापासून सांगतो.

ग्रिट, म्हणजे पावडरचा नंबर, बदलणं हे पहिलं न सोडता येणारं काम. ८० चा एक कण २२० मध्ये आला की ओरखडा आणि मग मागे जा. त्यामुळे ग्रिट बदल सुट्टीच्या सकाळीच, प्रत्येक नंबरचा डबा वेगळा, ब्रश वेगळा, वर्तमानपत्र नवं, अंगावरचे कपडेपण धुवायला. घासलेला चिखल बेसिनमध्ये ओतू नका, पाइपमध्ये बसून घट्ट होतो, बादलीत निवळू द्या आणि वरचं पाणी काढून गाळ कचऱ्यात टाका. पुढच्या ग्रिटला जायच्या आधी लूपमधून (छोट्या भिंगातून) खड्डे बघायचे, कडेला जास्त बघायचे, मधे नेहमी लवकर साफ होतं.

आणि आता पिच. पिच गरम करायला लागलो की त्या दिवशी दुसरं काही नाही, फोनपण घरच्यांकडे. वाफा पेट घेऊ शकतात, उघड्या ज्योतीवर ठेवायचं नाही, खिडक्या उघड्या, आणि टर्पेंटाइन घालायचं तर आधी शेगडीपासून लांब न्यायचं. कडकपणा बघायला अंगठ्याचं नख दाबून धरायचं, लगेच खूण उमटली तर पिच मऊ, बराच वेळ दाबूनही उमटली नाही तर कडक. पुण्यात मे महिन्यात हेच पिच वाहायला लागतं, पावसाळ्यात घरातलं तापमान फारसं हलत नाही, आणि तसंही आकाश जून ते सप्टेंबर ढगातच असतं, म्हणून मी पॉलिश मुद्दाम या दिवसांत आणलं.

पॉलिश करताना विल्यम हर्शेल सारखा आठवतो. बाथ शहरात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, संगीताच्या शिकवण्या घ्यायचा आणि उरलेल्या वेळात आरसे करायचा, तेही तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचे. त्याची बहीण कॅरोलिन हिने लिहून ठेवलंय की सात फुटी दुर्बिणीचा एक आरसा पूर्ण करताना त्याने सोळा तास हात उचलला नाही, ती त्याला घास भरवत होती. १३ मार्च १७८१ ला ६.२ इंची आरशातून युरेनस सापडला तेव्हाही तो पोटापाण्याला संगीतकारच होता. आपला आरसा जवळपास त्याच मापाचा आहे हे मला फार भारी वाटतं. आणि काचेला सिरियमने पॉलिश करायला सलग सोळा तास लागत नाहीत, प्रत्येक बैठकीआधी अर्धा तास कोल्ड प्रेस करून, म्हणजे आरसा लॅपवर दाबून ठेवून, लॅप परत आकारात आणला की पाऊण तास काम करून थांबता येतं. कोल्ड प्रेस चालू असताना अंघोळ, जेवण, पोरीचा अभ्यास, सगळं होतं.

सध्याची स्थिती अशी की मधला भाग चकाकतोय, लेझर पॉइंटर मारला तर मधे ठिपका जवळपास दिसत नाही, कडेच्या पट्ट्यात अजून करडा दिसतो. कड पूर्ण साफ झाल्याशिवाय फूको टेस्टला (ब्लेडने प्रकाश अडवून आरशाचा आकार तपासणं) बसणार नाही. टेस्टर तयार आहे, एलईडी, ब्लेड आणि मायक्रोमीटर, सगळं एकाच पाटावर सरकतं. टेस्ट वक्रता त्रिज्येच्या अंतरावरून होते, त्याला घरातला पॅसेज बरोब्बर पुरतो, २.४ मीटर. गंमत बघा, सोर्स (एलईडी) आणि ब्लेड एकत्र सरकवले तर पॅराबोलासाठी (आरशाला शेवटी हवा तो आकार) मध्य आणि कड यांच्या रीडिंगमधला फरकही १.१७ मिमीच यायला हवा, खोलीचं आणि याचं सूत्र एकच आहे, आरशाच्या त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्येची दुप्पट. एफ/८ ला नुसता गोल (चेंडूच्या तुकड्यासारख्या वक्रतेचा) आरसापण पाव वेव्हच्या, म्हणजे प्रकाशाच्या पाव तरंगलांबीएवढ्या चुकीच्या, आसपास जातो, तिथे थांबलं तरी चंद्र-गुरू छान दिसतील, पण मला पॅराबोला करायचाच आहे. थंडीत मृगातला तेजोमेघ याच आरशातून बघायचाय.

ज्यांनी ६ इंची एफ/८ पॅराबोलाइज केलाय त्यांना दोन गोष्टी विचारतो. डब्ल्यू स्ट्रोक (आरसा डब्ल्यूच्या आकारात फिरवणं) आरसा वर ठेवूनच केला का, आणि पॉलिशनंतर टेस्टला लावायच्या आधी १ इंची प्लेट ग्लास किती वेळ थंड होऊ दिली? माझी शिफ्ट बघता रात्री पॉलिश करून सकाळी टेस्ट हे सोयीचं आहे, पण तेवढा वेळ लागतच नसेल तर एका सुट्टीत दोन फेऱ्या बसवता येतील.