घरपट्टीची हरकत आणि अंगणातला मांडव

२०२३ च्या जूनमध्ये भर पावसात नगरपरिषदेचा एक मुलगा छत्री मिटत ओटीवर आला आणि माझ्या आजोबांचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "आहेत का घरात?"

आजोबा १९८७ साली गेले. आई आतून म्हणाली, "आहेत की. भिंतीवर." मुलगा ओशाळला, माझी सही घेतली, हातात एक कागद दिला आणि पुढच्या घरी गेला.

कागद होता कर आकारणीच्या विशेष नोटिशीचा. मालकाचं नाव आजोबांचं. भोगवटादार, म्हणजे घरात राहणारा, या रकान्यात 'स्वतः'. क्षेत्रफळ १६८ चौरस मीटर, बांधकामाचा प्रकार आरसीसी, करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर कर बसतो ती रक्कम, २५,४०२ रुपये. खाली घरपट्टी, शिक्षण कर, वृक्ष कर, अमुक कर, तमुक कर, आणि एकूण सात हजार सहाशेच्या वर. आदल्या वर्षी आम्ही एकोणीसशे आणि काही रुपये भरले होते.

आमचं घर चिऱ्याचं, मातीत बांधलेलं, वर मंगलोरी कौलं. आरसीसी म्हणायला त्यात काही नाही. म्हणजे मला तेव्हा तसं वाटत होतं.

गावाचं नाव लिहीत नाही. कोकणात समुद्राला लागून आहे, कागदोपत्री शहर आहे एवढं पुरे. उरण-अलिबागपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या सगळ्या नगरपरिषदांना १९६५ चा एकच अधिनियम लागू आहे, त्यामुळे मी जे केलं ते थोड्याफार फरकाने कुठेही तसंच करावं लागेल. मुंबईला मात्र नाही. माझ्या काकांनी फोनवर लगेच सांगितलं, "अगं, पाचशे फुटांपर्यंत माफ आहे, भरू नकोस." त्यांच्याकडे ते खरं आहे, २०२२ च्या जानेवारीपासून. पण ते मुंबई महापालिकेच्या हद्दीत. चाकरमानी माणूस गावच्या प्रश्नाला मुंबईचं उत्तर फार आत्मविश्वासाने देतो.

नोटीस नीट वाचली तेव्हा पहिला धक्का रकमेचा नव्हता, तारखेचा होता. हरकतीला मुदत ३० दिवस, आणि ती मोजायची जाहीर सूचना प्रसिद्ध झाल्यापासून. कागद आमच्या हातात आला तेव्हा त्यातले अकरा दिवस संपले होते. सूचना म्हणे पेपरात आली होती, कार्यालयातल्या फलकावर लागली होती, घंटागाडीच्या भोंग्यावरही सांगत होते. घंटागाडी सकाळी सव्वासातला येते. ओला-सुक्याचं गाणं संपायच्या आत डबा घेऊन पळायचं असतं, गाण्यानंतर काय सांगतात ते ऐकायला कोण थांबतं? मग प्रभागाचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडला. तिथेही होती. नळाला दोन दिवस पाणी येणार नाही, हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, आणि या सगळ्याच्या मध्ये एक पीडीएफ. मी तिच्यावर अंगठाही दिला होता. न उघडता.

नगरसेवकाला गाठावं तर नगरसेवकच नव्हते. मुदत संपून गेलेली, निवडणूक लांबलेली, कारभार प्रशासकाच्या हाती. तेव्हा जे काही करायचं ते आपणच, हे पहिल्याच दिवशी कळलं. एका अर्थी बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून कर विभागात गेले. (माझं लेडीज टेलरिंगचं छोटं दुकान आहे. जूनमध्ये तसंही गिऱ्हाईक कमी.) टेबलावरच्या बाईंना म्हटलं, "आमचं घर १६८ नाही." त्या म्हणाल्या, "मग किती आहे?"

मला सांगता येईना. जन्मल्यापासून त्या घरात राहते. कुठल्या वाशाला वाळवी लागली, कुठल्या कौलाखाली पावसाळ्यात भांडं ठेवायचं हे पाठ आहे, पण घर किती चौरस मीटर? दिवसभर मी लोकांची मापं घेते आणि आपल्या घराचं माप मला ठाऊक नव्हतं.

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "नुसतं जास्त आहे, अन्याय आहे असं लिहून आणलंत तर उपयोग नाही, ताई. शंभर जण तेच लिहितात. काय चुकलंय ते लिहा. माप चुकलं, प्रकार चुकला, वापर चुकला. आणि मोजमाप पत्रक बघून जा, बघायचा हक्क आहे तुम्हाला." ही एवढी दोन मिनिटं सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची ठरली.

मोजमाप पत्रक म्हणजे आमच्या घराचं एक पान. वर ड्रोनमधून काढलेला फोटो, त्यावर लाल रेघेने घराची हद्द आखलेली. आपलं घर असं वरून मी कधी बघितलं नव्हतं. नारळाच्या तीन झावळ्यांची नक्षी, मागे विहीर, आणि लाल रेघ थेट अंगणाच्या गडग्यापर्यंत गेलेली. मी बघत राहिले. अंगण घरात कसं आलं?

मग खाली तारीख दिसली. आदल्या वर्षीचा एप्रिल.

कोकणातल्या माणसाला एवढ्यावरच कळेल. एप्रिलमध्ये आमच्या अंगणात मांडव असतो. पोफळीचे खांब, वर बांबू, त्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, आणि अलीकडे झापांवर हिरवी जाळी टाकतो. दिवाळीनंतर घालायचा, मे संपता संपता काढायचा. त्याच्याखाली आमसुलं वाळतात, पापड वाळतात, रात्री बाजा टाकून झोपायचं. आकाशातून बघणाऱ्याला ते एक छप्पर दिसलं. जिथे छप्पर तिथे घर. शिवाय चहूबाजूंची फूटभर वळचणही धरलेली, कारण वरून भिंत दिसत नाही, कौलंच दिसतात.

आणि आरसीसी? मागच्या पाणंदीतून कुणीतरी घर बघितलं असणार. तिथून आमचं न्हाणीघर दिसतं. ते १९९८ मध्ये बाबांनी स्लॅबचं करून घेतलं. अडीच मीटर बाय दोन. सगळ्या घरात सिमेंट-सळईचा तेवढाच तुकडा, आणि सगळ्या घराला त्याचंच नाव लागलं.

आता मापं. रविवारी सकाळी दुकानातली टेप घेऊन सुरुवात केली. ती साठ इंची. ओटीची एक बाजू मोजेपर्यंत आठ वेळा खडूने खुणा केल्या आणि नवव्या वेळी आकडा विसरले. शेवटी शेजारच्या सुतारदादांची लोखंडी टेप आणली. आई एक टोक धरून उभी, मी दुसऱ्या टोकाला. तिचं सारखं चाललेलं, "बाय, देवघराच्या खोलीचं वेगळं लिही हो. देवाला कर नाही लावायचे." मी म्हटलं, लावतात, आई.

ओटी आणि पुढची पडवी मिळून १२ बाय २.४ मीटर. माजघर, देवघर आणि बाजूच्या दोन खोल्या मिळून १२ बाय ५.२. स्वयंपाकघर आणि मागची पडवी १२ बाय १.८. न्हाणीघर ५ चौरस मीटर. बेरीज ११७.८. मांडव मोजायचा तर ९ बाय ४, म्हणजे ३६. त्याचे खांब पुरायचे खड्डे अजून तसेच होते, पावसाचं पाणी साचलेलं. ११७.८ आणि ३६ झाले १५३.८. उरलेले चौदा वळचणीचे. त्यांचे १६८ कुठून आले ते माझ्या वहीत शेवटच्या मीटरपर्यंत जुळलं. त्या रात्री मला फार बरं वाटलं. ब्लाउजचा गळा पहिल्या फटक्यात बसावा तसं.

एक पेच होता. न्हाणीघराला बाबांनी परवानगी घेतलेली नव्हती, जुन्या आकारणीतही ते नव्हतं. विनापरवाना बांधकामाला शास्ती, म्हणजे दंड, लावता येते हे मला कर विभागाच्याच फलकावर वाचून कळलं होतं. काकांचं मत, "त्याचं नावच काढू नकोस." पण न्हाणीघराची गोष्ट सांगितल्याशिवाय 'आरसीसी' कुठून आलं हे सांगता येत नव्हतं. दोन दिवस घोळवलं आणि लिहून टाकलं: 'मागील बाजूस ५ चौ.मी. स्नानगृह स्लॅबचे असून ते १९९८ साली बांधलेले आहे, त्याची आकारणी त्या प्रकाराने करावी, उर्वरित इमारत चिरा-माती व कौलारू आहे.' पुढचं पुढे.

अर्ज एका पानाचा. 'कलम ११९ अन्वये हरकत' असं विषयात घातलं, कारण नोटिशीत तसंच होतं. आपण त्यांचेच शब्द वापरले की कागद योग्य टेबलावर जातो. सोबत हाताने काढलेला नकाशा, मागच्या तीन वर्षांच्या पावत्या, वीजबिल, आणि फोटो. रिकाम्या अंगणाचा फोटो पुरेसा नव्हता. 'आत्ता काढला असेल' असं कुणीही म्हणेल. म्हणून जुन्या मोबाईलमधून शोधून काढले: दोन वर्षांच्या गणपतीतले, मोकळ्या अंगणात फुगडी चाललेली. आणि एक मार्चमधला, मांडवाखाली आई पापडांसमोर काठी घेऊन बसलेली. दोन्ही शेजारी शेजारी चिकटवले.

आवक खिडकीवरचा माणूस अर्ज घेऊन म्हणाला, "ठेवा, होईल." मी दुसरी प्रत पुढे केली. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही हे मला बाबांनी शिकवलेलं. त्याने एक उसासा टाकून शिक्का मारला, आवक क्रमांक लिहिला, तारीख घातली. मुदतीला सहा दिवस होते. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे दुसरी प्रत नव्हती. ते झेरॉक्सला गेले आणि परत येईतो खिडकी जेवायला बंद झाली.

सुनावणी ऑगस्टमध्ये. सभागृहात चाळीसेक माणसं, एकच पंखा फिरत होता. समोर नगररचना विभागाचे साहेब, बाजूला कर विभागाच्या त्याच बाई. बहुतेकांचं बोलणं एकच, परवडत नाही. साहेब शांतपणे ऐकत आणि 'नोंद घेतली' म्हणत. एका काकांनी रस्त्यातल्या खड्ड्यांपासून सुरुवात केली आणि घरपट्टीपर्यंत पोचायच्या आत पुढचा नंबर पुकारला गेला. वाईट वाटलं. खड्डे खरे होते, पण तो कागद खड्ड्यांचा नव्हता.

माझ्या वेळी साहेबांनी नकाशा बघितला, मग दोन फोटो. पापडांच्या फोटोवर थोडे थांबले. म्हणाले, "मांडव आहे हो हा." बाईंनी मान हलवली. मग विचारलं, "माप कुणी घेतलं?" मी म्हटलं, "मी. शिलाई करते." ते हसले नाहीत, स्थळपाहणी असा शेरा मारला. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील.

आठवड्याने दोन मुलं आली. एकाच्या हातात लेझरचं मापयंत्र, साबणाच्या वडीएवढं. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका आणि आकडा तयार. ओटीवर पावसाची झड अडवायला झापांची झडपं बांधलेली, त्यामुळे आत दुपारीही अंधार आणि ठिपका छान दिसत होता. माजघराच्या भिंतीवर तो बरोबर आजोबांच्या तसबिरीखाली पडला. आईने हात जोडले. का ते तिलाच माहीत. दहा मिनिटांत माप झालं: ११७.४. माझ्यापेक्षा पाव मीटर बाय दीड मीटर कमी. मुलगा म्हणाला, "ताई, टेप सैल धरली असणार." मी म्हटलं, आईने.

निकाल गणपतीच्या आठ दिवस आधी आला. क्षेत्रफळ ११८, चिरा-माती कौलारू. न्हाणीघर वेगळं न काढता त्यातच धरलेलं, शास्तीचा उल्लेख नाही. करयोग्य मूल्य ११,४७०. हिशेब मी स्वतः करून बघितला: आमच्या भागात या प्रकाराला महिन्याला चौरस मीटरमागे ९ रुपये भाडं धरलंय, गुणिले ११८, गुणिले १२, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा. आरसीसीला तोच दर १४ होता. एकूण बिल तीन हजार चारशेच्या आसपास. जुन्यापेक्षा जास्तच, पण जुनी आकारणीही फार वर्षांपूर्वीची. याच्यावर अपील करता येतं, त्यासाठी मागणीची रक्कम आधी भरावी लागते. मी केलं नाही. भरून टाकले. थकवलं तर महिन्याला दोन टक्क्यांनी शास्ती चढते.

काका गणपतीला आले तेव्हा बिल मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं. क्षेत्रफळ बरोबर. प्रकार बरोबर. मग बोट वर नेलं.

"अगं, पण हे काय? मालक आमचे बाबा, आणि भोगवटादार स्वतः?"

मी त्या बाईंना विचारलं होतं. नाव बदलायचं तर वारसांचे कागद, सगळ्यांच्या संमत्या, आणि काकांची सही. ते टेबल वेगळं आहे, वरच्या मजल्यावर.

काकांनी बिलाची घडी घातली आणि म्हणाले, "बघू, विसर्जन होऊ दे."