तुम्ही विचारलेत म्हणून : फ्लॉरेन्सचे काय झाले?

‘‘मॅडम, ते फ्लॉरेन्सचं काय झालं मग?’’ हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये, रंकाळ्यावर फिरताना, महाद्वार रोडवर छत्री घेताना आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असताना लोकांनी विचारला आहे. प्रश्न आहे तो मी इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या विद्यापीठात सहा महिने अभ्यागत संशोधक म्हणून जाण्यासाठी केलेल्या अर्जाविषयी, आणि मी गेले नाही याविषयी. विचारणाऱ्या बहुतेकांना उत्तर आधीच ठाऊक असते, त्यांना माझ्याकडून फक्त दुजोरा हवा असतो. ‘‘संस्थेनं सोडलं नसणार’’ असे, मी शिकवते त्या संस्थेतले सहकारी म्हणतात, ‘‘व्हिसाची भानगड झाली असणार’’ असे विद्यार्थी म्हणतात, आणि नात्यातल्या बायका आवाज उतरवून ‘‘घरात नको म्हटले असतील’’ असे म्हणतात. मी आजवर ‘‘जमलं नाही’’ एवढ्यावर सगळ्यांची बोळवण करत आले. ते उत्तर खोटे नाही, पण त्याआड मी बरेच काही झाकले आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

राजाराम महाराजांची हकिकत कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढेच की, कोल्हापूरचे हे विशीतले छत्रपती १८७० साली विलायतेला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथे हिंदू रीतीने दहन करायचे तर शहराची खास परवानगी लागली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर ते झाले. त्या जागी १८७४ साली त्यांच्या स्मारकाची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा करणारे मेजर चार्ल्स मॅन्ट म्हणजे आपल्या नव्या राजवाड्याचा आराखडा करणारेच मॅन्ट. जवळच्या नदीवर पुढे १९७८ साली पूल झाला, त्यालाही तिथले लोक ‘भारतीयाचा पूल’ असेच म्हणतात. महाराजांची त्या प्रवासातली इंग्रजी रोजनिशी १८७२ साली लंडनला छापली गेली. तिच्यावर लिहिणारे पुष्कळ झाले. मला मात्र रोजनिशी संपते तिथून पुढचे हवे होते : परक्या शहराने हे दहन कसे होऊ दिले, कोणत्या कचेरीत कोणी कोणाला काय लिहिले, आणि इकडे कोल्हापुरात दरबाराने व लोकांनी ते कसे ऐकले.

आता अर्जाविषयी, कारण ‘‘आम्हालाही करायचाय, कसा करायचा?’’ असे विचारणारेही आहेत. अभ्यागत संशोधक म्हणून जाणे म्हणजे नोकरी लागणे नव्हे. पगार नसतो. एक टेबल, ग्रंथालयाचे कार्ड आणि विद्यापीठाचा ईमेल पत्ता मिळतो, बाकी खर्च शिष्यवृत्ती मिळाली तर तिच्यातून, नाहीतर आपल्या खिशातून. आधी तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला आपला विषय पटवावा लागतो, त्यांनी होकार दिला की दोन-तीन पानी आराखडा, परिचयपत्र आणि शिफारसपत्रे पाठवायची, मग मुलाखत. मुक्काम तीन महिन्यांहून अधिक असेल तर इटलीत यजमान संस्थेशी करार लागतो आणि तिथल्या सरकारचा ‘नुल्ला ओस्ता’ नावाचा कागद लागतो. या शब्दांचा अर्थ शब्दशः ‘हरकत नाही’ असा होतो, हे कळले तेव्हा मला हसू आले, कारण त्याच आठवड्यात मी इकडे संस्थेच्या कार्यालयात ‘ना हरकत’ मिळवण्यासाठी तिसऱ्यांदा गेले होते आणि तिथल्या शिपायाने ‘‘फाईल वर गेलीया मॅडम’’ असे सांगून मला परत पाठवले होते.

मी हा अर्ज सहा महिन्यांसाठी केला होता. फ्लॉरेन्समधल्या एका प्राध्यापिकेने माझ्या पहिल्याच पत्राला चार दिवसांत उत्तर दिले होते, आणि मुलाखत ठरली डिसेंबर २०२२ मध्ये, तिथल्या दुपारच्या तीनला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला.

त्या संध्याकाळी मी काय काय केले ते मला अजून लख्ख आठवते, आणि आठवले की अंगावर काटा येतो. लॅपटॉप उंच यावा म्हणून त्याखाली जुन्या मासिकांचे दोन बांधीव खंड ठेवले. मागे कपाट दिसावे म्हणून पलंग ओढून भिंतीला लावला. त्या कपाटातले मुलाचे स्पर्धापरीक्षेचे मार्गदर्शक काढून खालच्या कप्प्यात ढकलले, आणि माझ्या उजव्या खांद्याच्या वर, कॅमेऱ्यात बरोबर येईल अशा बेताने, मोडी लिपीची, म्हणजे जुनी मराठी कागदपत्रे जिच्यात लिहीत त्या लिपीची, एक जाडजूड पुस्तिका दर्शनी बाजूने उभी केली. ही पुस्तिका मी काही वर्षांपूर्वी दहा दिवसांच्या मोडी वर्गात घेतली होती. वर्गाचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. परिचयपत्रात मी ‘मोडी : उत्तम’ असे लिहिले होते.

पहिली वीस मिनिटे फार चांगली गेली. मी तिथल्या नगरपालिकेच्या दप्तराविषयी बोलले, तिथल्या वृत्तपत्रांविषयी बोलले, इटालियन शिकते आहे हेही सांगितले, आणि ते खरे होते. त्या बाई हसतमुख होत्या, मध्येच टिपण करत होत्या. मग त्यांनी, अगदी सहज, चहाला बोलावलेल्या पाहुण्याला गावचे हवापाणी विचारावे तसे विचारले, ‘‘आणि ही बातमी कोल्हापूरला कोणत्या दिवशी पोहोचली?’’

मला तारीख माहीत नव्हती. मी म्हणाले, ‘‘तारेने पोहोचली असावी. जून १८७० मध्ये इंग्लंड ते मुंबई अशी समुद्राखालची तार पूर्ण झाली होती.’’ हे बोलताना मला स्वतःचाच थोडा अभिमान वाटला, कारण हे टिपण मी आदल्या रात्रीच काढून ठेवले होते. त्या म्हणाल्या, ‘‘मुंबईपर्यंत ठीक. पुढे कोल्हापूरला?’’ मी पुन्हा ‘असावी’ म्हणाले. ‘‘आणि राजवाड्यात आधी कोणाला कळले? लोकांना कसे कळले? तिथले कागद काय सांगतात?’’ मी सांगितले की कोल्हापूरच्या पुरालेखागारात त्या काळातली कागदपत्रे आहेत, ती बरीचशी मोडीत आहेत. तेव्हा त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. ‘‘ते मागे आहे ते त्याच लिपीचे पुस्तक का? तुम्ही वाचता ना ती?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

माझा हा एकच शब्द मला तेव्हापासून पुरून उरला आहे. मला मोडी वाचता येते हे खोटे नाही. पाठ्यपुस्तकातली, वळणदार, सुटी सुटी लिहिलेली मोडी मी वाचते. पण १८७० च्या आसपासची कारकुनी मोडी ही वेगळीच चीज असते. आधी पानभर आडव्या रेघा ओढून ठेवायच्या आणि मग त्यांना अक्षरे लोंबकळत सोडायची. हात उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करायची नाही. अशा कागदाची एक ओळ लावायला मला तेव्हा अर्धा तास लागत असे, आणि ती लागली आहे की मी मनाने घातली आहे हे मला छातीठोक सांगता येत नसे. दीडशे वर्षांपूर्वीचा कारकून ज्या वेगाने लिहीत होता, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही मी वाचत नव्हते.

बाईंनी ‘हो’ ऐकले, मान डोलावली, आणि मग अतिशय सौम्यपणे म्हणाल्या, ‘‘मग तुमच्या सहा महिन्यांपैकी पहिले तीन तुम्ही कोल्हापुरातच घालवाल असे मी धरू का?’’ त्यात टोमणा नव्हता. एखादी थोरली बहीण सांगेल तशी ती सूचना होती. मी हसले, ‘‘नक्कीच’’ म्हणाले, आणि मुलाखत संपल्यावर बराच वेळ त्याच खुर्चीवर, मागे ती पुस्तिका घेऊन, तशीच बसून राहिले.

इथे मला थोडे स्वतःच्या बाजूनेही बोलू द्या. मोडी न शिकता कोल्हापूरच्या इतिहासावर प्रबंध लिहिलेले लोक आपल्यात कमी नाहीत. पुरालेखागार शनिवार-रविवार बंद असते आणि माझे तास सोमवार ते शनिवार असतात. दरवर्षी पेपर तपासणी, प्रवेश, महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची (नॅकची) फाईल आणि युवा महोत्सव यांतून उरलेल्या वेळात संशोधन करायचे असते. फ्लॉरेन्सच्या बाईंना हे काय माहीत? असे मी त्या रात्री नवऱ्याला तावातावाने सांगितले. तो म्हणाला, ‘‘पण त्यांनी विचारलं त्यात चूक काय होतं?’’ मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि आता जे मी घराबाहेर कोणाला बोलून दाखवले नव्हते ते सांगते : माझी निवड झाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्र आले, सप्टेंबरपासून सहा महिन्यांचे. संस्थेने अडवले हेही पूर्ण खरे नाही. फाईल रेंगाळली हे खरे, पण मे अखेरीस कार्यालयातून फोन आला की सगळे कागद पूर्ण आहेत, फक्त परत येऊन नोकरीवर रुजू होईन असे हमीपत्र स्टॅम्प पेपरवर हवे. मी त्याच दिवशी शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर आणला. मजकूर कार्यालयानेच दिला होता, जेमतेम सहा ओळींचा. तो पेपर टेबलाच्या खणात ठेवला आणि मी तो लिहिला नाही. स्टॅम्प पेपर खरेदीपासून सहा महिन्यांत वापरला नाही तर बाद होतो. तो अजून त्याच खणात आहे, वर विक्रेत्याचा शिक्का, माझे नाव, मे महिन्याची तारीख, आणि खाली कोरे पान.

का लिहिला नाही? पैशाचे कारण आहे. रजा पगारी मिळण्याची खात्री नव्हती, घराचे हप्ते चालू होते आणि फ्लॉरेन्समधल्या एका खोलीचे भाडे ऐकून मी दोनदा शून्ये मोजली होती. पण पैशाचे कारण मार्चमध्येही होते आणि मार्चमध्ये मी विमानाच्या तिकिटांचे दर बघत होते. कधी मला वाटते की मी प्रामाणिकपणे थांबले : घरापासून दुचाकीवर पंधरा मिनिटांवर असलेले कागद न वाचता परक्या देशातले कागद वाचायला जाणे मला लाज आणणारे वाटले. आणि कधी वाटते की हा प्रामाणिकपणा मी नंतर रचला, खरे कारण एवढेच की त्या बाई सहा महिने समोर बसून मला रोज एकेक प्रश्न विचारतील याची मला भीती वाटली. २०२३ ची मी म्हणते, तयारी पूर्ण झाल्यावर कोणी गेले आहे का, जायचे आणि तिथे शिकायचे. आजची मी तिला म्हणते, मग परिचयपत्रात ‘उत्तम’ का लिहिलेस? यावर ती गप्प बसते, पण हरलेली दिसत नाही.

एक गोष्ट राहिली, तीही सांगायला हवी. त्या वर्षी डिसेंबरमध्ये इचलकरंजीला नवऱ्याच्या भाचीचे लग्न होते. पंगत उठल्यावर नवऱ्याच्या चुलत आत्या माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘सासूनं नको म्हटलं असंल, व्हय गं? म्हातारं माणूस, सोडवत न्हाई.’’ मी काही बोलले नाही. नुसती खाली बघून हसले, आणि अशा हसण्याचा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो. सासूबाई दोन खुर्च्या पलीकडे पानाला चुना लावत होत्या. पत्र आले त्या दिवशी ‘‘जा की, सहा महिनं काय, हां हां म्हणता जातील, मी हाय की घरात’’ असे म्हणणारी घरातली पहिली व्यक्ती त्याच होत्या. त्यांनी ऐकले की नाही हे मी आजतागायत विचारलेले नाही. जीपमधून परतताना त्या नेहमीपेक्षा कमी बोलल्या, पण त्या दिवशी त्यांचे गुडघेही दुखत होते.

तेव्हा कृपा करून घरच्यांचे नाव घेऊ नका, आणि संस्थेचेही घेतले तर जरा बेताने घ्या.

‘‘पुन्हा अर्ज करणार का?’’ असेही आता विचारू लागले आहेत. मला सांगता येत नाही. बाईंना मी नकाराचे पत्र लिहिले तेव्हा ‘कौटुंबिक अडचण’ असे कारण दिले. त्यांनी उत्तरात काळजी व्यक्त केली आणि शेवटी लिहिले की तारीख सापडली तर मला जरूर कळवा. गेले वर्षभर मी बुधवारी दुपारी, तास संपले की, पुरालेखागारात जाते. शके १७९२ च्या मार्गशीर्षाच्या, म्हणजे १८७० च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या, आसपासचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) एकेक करून मागवते. ओळ आता अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांत लागते, आणि लागली नाही तर तिथे नेहमी येणारे एक निवृत्त गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून ‘‘बघू, बघू’’ म्हणत वाचून देतात. त्या दिवसाची बातमी अजून मिळालेली नाही. गेल्या बुधवारी दीड पान झाले, त्यात पागेतल्या घोड्यांच्या चंदीचा, म्हणजे दाण्याचा, हिशेब निघाला. पुढच्या खेपेसाठी वद्य पक्षाचा रुमाल मागून ठेवला आहे.