तंग आवळताना घोडी चावायला का येते

तंग, म्हणजे खोगीर घट्ट बसवायला पोटाखालून आवळतात तो पट्टा, आवळायला घेतला की घोडी कान मागे पाडते, शेपूट झटकते, वळून चावायला बघते. मग आजूबाजूला उभे असलेले लगेच सांगतात, खोडील जनावर आहे ताई, दोन फटके द्या सरळ होईल. मला हे ऐकलं की फार वाईट वाटतं, कारण बऱ्याच वेळा तिला तिथं खरंच दुखत असतं आणि सांगायला तिच्याकडे कान, शेपूट न् दात एवढंच आहे. खुराकावर, नालावर, लगामाच्या गोंड्यांवर आपल्याकडे भरपूर बोलणं होतं, पण घोड्याच्या अंगाला रोज हात लावून कुठं आखडलंय ते बघायचं, यावर कोण बोलत नाही, म्हणून लिहिते.

आधी घोड्याचं शरीर समजून घ्या. घोड्याला कॉलरबोन नसतं. म्हणजे पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत, सगळी छाती दोन खांद्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखी असते. नुसता उभा असला तरी वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर, आणि आपण बसतो तेही पुढच्याच बाजूला. मग खांद्यामागची जागा, मानेचं बूड आणि तंगाची जागा आखडणारच ना. बरगड्यांच्या १८ जोड्या असतात आणि शेवटच्या बरगडीच्या मागं खोगिराचा भार जायला नको, कारण तिथून पुढं कमरेला खालून कसलाच आधार नाही. आपल्याकडचे भीमथडी न् इतर देशी घोडे चणीनं लहान, त्यांच्यावर मोठ्या घोड्याचं सॅडल टाकलं की ते सरळ कमरेवर जातं आणि मग घोडा उतारावर पाय टाकायला नको म्हणतो.

सोलापुरात राहून खोगिराखाली चादर नाही घातली असं कसं होईल, आम्ही पण घालतो, सुती आहे, घाम चांगला शोषते. पण तिची घडी नीट बघा, दुमडलेली कड किंवा झालरीच्या गाठी पाठीच्या कण्याजवळ आल्या तर तासाभरात तिथं रुततं. खोगीर उतरवल्यावर घामाचा डाग बघायची सवय लावा. सगळी पाठ ओली आणि मध्येच एक कोरडा ठिपका असेल तर बहुतेक तिथं दाब जास्त पडतोय. तसंच चालू ठेवलं तर पुढं त्या जागी पांढरे केस येतात आणि ते कायमचे.

आता हाताचं काम. खरारा (ब्रशनं अंग घासणं) झाला की उघड्या तळहातानं सुरू करायचं, कानामागून मान, मग खांदा, मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं सोडून पुठ्ठ्यापर्यंत (मागच्या ढुंगणाच्या भागापर्यंत), शेवटी मांडीचा मागचा भाग. हाडावर दाबायचं नाही, मांसावरच. आमच्या पागेतले चाचा, ज्यांचं सगळं आयुष्य टांग्याच्या घोड्यांत गेलं, ते सांगतात, पैले हात फिराओ, बाद में जोर लगाओ. कुठं गरम लागतंय, कुठं कातडी थरथरते, कुठं घोडा अंग चोरतो, हे आधी कळलं पाहिजे. बरं वाटायला लागलं की मान खाली येते, पापण्या जड होतात, तोंड चघळल्यासारखं करतो, जांभई देतो. हे दिसेपर्यंत घाई करू नका, माझ्या मते मालिशमधलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

स्ट्रेचिंग कधीच थंड अंगावर नको. डिसेंबरच्या पहाटे तर आधी दहा मिनिटं हातात धरून चालवा, मगच. गाजराचा स्ट्रेच सगळ्यात सोपा न् सगळ्यात फायद्याचा. गाजर दाखवत हनुवटी छातीला, मग दोन गुडघ्यांच्या मध्ये, मग खाली खुरांजवळ, आणि दोन्ही बाजूंनी तंगापर्यंत, मग कुशीपर्यंत. मान घोड्यानं स्वतः वळवायची, आपण तोंड धरून ओढायचं नाही. गपकन हिसकावून परत गेला तर उपयोग नाही, काही सेकंद तिथं थांबला पाहिजे. नरेल स्टब्स आणि हिलरी क्लेटन या संशोधकांचा २०११ चा अभ्यास आहे, त्यात घोड्यांकडून असे व्यायाम आठवड्यातले ५ दिवस, प्रत्येकी ५ वेळा, ३ महिने करून घेतले तर कण्याला धरून ठेवणारे आतले स्नायू जाड झालेले दिसले. म्हणजे हे नुसते लाड नाहीत.

पायाचं म्हणाल तर तंग आवळल्यावर पुढचा पाय गुडघ्यामागून उचलून हळू पुढं घ्या, तंगाखाली चिमटलेली कातडी मोकळी होते. एवढं एक जरी रोज केलं तरी चावायला येणं कमी होऊ शकतं. पाय कधीच झटक्यानं ओढू नका, घोडा स्वतः सैल सोडेल तेवढंच, आणि परत खाली ठेवताना हातानं ठेवा, सोडून देऊ नका.

लग्नसराईतल्या नाचऱ्या घोड्यांबद्दल मला खरंच काळजी वाटते. डांबरी रस्त्यावर मागच्या पायांवर उभं राहायचं म्हणजे सगळा भार मागच्या सांध्यांवर न् कमरेवर. त्यात चार दिवस नुसतं बांधून ठेवायचं, चंदी (दाणा-खुराक) मात्र पूर्ण, आणि पाचव्या दिवशी एकदम वरात. अशा वेळी पुठ्ठे कडक झाले, घाम सुटला, घोडा पाऊल उचलेना, लघवी गडद कॉफीसारखी आली तर मालिश अजिबात करायची नाही, चालवायचं पण नाही, जागेवरच ठेवून लगेच डॉक्टर बोलवा. लंगडतोय, सूज आहे, ताप आहे तरी तेच. आपला हात औषधाच्या जागी नाही ओ.

आणि दिवाळीच्या सुमाराला अकलूजच्या घोडेबाजारात घोडा बघायला जाणार असाल तर भोवरे (अंगावरच्या केसांचे), रंग, उंची, दात हे सगळं बघाच, त्याला माझी ना नाही. पण खोगीर घातलेला घोडा दाखवला तर ते उतरवायला लावा. पाठीवरून दोन्ही बाजूंनी हात फिरवा, हळूच दाबा, पांढरे ठिपके शोधा. खिशात दोन गाजरं ठेवा आणि दोन्ही कुशींकडे मान वळवून घ्या, एकीकडं सहज जातो आणि दुसरीकडं सगळं अंगच फिरवतो असं झालं तर मालकाला कारण विचारा आणि घोडा कडक जमिनीवर दोन्ही बाजूंनी गोल चालवून दाखवायला सांगा.